बॉयलरवर वाळवलेले बूट

वळ गावात ज्यांच्या खोलीत आम्ही काही पोरं भाड्यानं राहतो, त्या घरमालक काकांमुळे मी आज फोर्कलिफ्ट चालवतो. हे आधी सांगून टाकतो, झालं काय ते मागून.

मी परभणीकडचा. नववीत शाळा सुटली आणि इथं गोदामात माल चढवायला लागलो. गेल्या पावसाळ्यात एका शुक्रवारी सुपरवायझर म्हणाले, "सोमवारी फोर्कलिफ्टची टेस्ट आहे, बसतोस का? पण सेफ्टी बूट पाहिजेत. चपलेवर मशीनला हात लावू देणार नाही." कंपनीचे बूट फक्त ऑपरेटरला मिळतात. म्हणजे बुटाशिवाय टेस्ट नाही आणि टेस्टशिवाय बूट नाहीत. विकत घ्यावेत तर पैसे नव्हते.

काका तरुणपणी गोदीत क्रेनवर होते. माझं रडगाणं ऐकून त्यांनी आतून एक जोड आणला. जाड तपकिरी चामडं, घोट्याच्या वर येणारे, बोटांवर लोखंडी वाटी, तळ दोऱ्यानं शिवलेला. पाय आत गेला आणि मी उगाचच अंगणात चार फेऱ्या मारल्या.

"लग्नाला चाललास काय रे?" काकू म्हणाल्या.

शनिवारी सवय व्हावी म्हणून ते घालूनच ड्युटीला गेलो. येताना गोदामाच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी. बूट भिजून लगदा झाले. आमच्या खोलीतला एक यूपीचा भाई टेमघरला साइझिंगमध्ये काम करतो. तिथं लूमच्या सुताला खळ लावतात, त्यासाठी मोठा बॉयलर असतो. पावसाळ्यात सगळ्या खोलीचे कपडे तोच तिथं नेऊन वाळवून आणतो. मी झोपलो होतो. त्यानं प्रेमानं बूटही नेले.

रविवारी सकाळी त्यानं ते माझ्यापुढे ठेवले. "देख, एकदम कडक."

कडकच होते. चामडं पापडासारखं, घडीवर भेगा, पाय अर्ध्यातच अडकला. भाईचा चेहरा उतरला. "मैं तो तेरे भले के लिए ले गया था यार." त्याच्यावर रागावणार तरी कसं? टेस्ट उद्या, आणि बूट दुसऱ्याचे. बूट तसेच नेऊन काकांसमोर ठेवले.

काकांनी बूट उलटेपालटे करून पाहिले. "कुनी भाजलं?"

"मैंने, चाचा," भाई पुढे झाला.

"बरा भाजलास. आता मीठ-लिंबू पन आन."

मला हसू आलं.

"ओलं चामडं आगीजवळ न्हाय न्यायचं," काका म्हणाले. "आत कापड कोंबायचं नि सावलीत वाऱ्यावर ठेवायचं. बस, बघू काय होतंय."

आधी ओलसर फडक्यानं बूट पुसून घेतले, चामड्यात थोडी ओल परत जावी म्हणून. मग काकूंनी एरंडेलाची बाटली दिली. मी ओतायला गेलो तर काकांनी हात धरला. "भजी तळतोस काय? बोटानं लाव. पिईल तेवढंच." एक बूट माझ्या मांडीवर, एक भाईच्या. भेगांवर, नाडीखालच्या जिभेवर, शिलाईवर चोळत राहिलो. मग चिंध्या कोंबून पंख्याखाली ठेवले. दुपारी पुन्हा तेल. संध्याकाळी अंगठ्यानं दाबलं तर चामडं वाकलं. मी भाईला ओरडूनच बोलावलं.

"तळ चिकटवलेला असता तर तिथंच सुटला असता," काका म्हणाले. "शिवलाय म्हनून हाय."

सोमवारी पाय आत गेला. घट्ट, पण गेला. सुपरवायझरनी आधी पायांकडेच पाहिलं. "हे कुठून आणलेस रे? असले आता दिसत नाहीत." मशीनवर बसलो. पेडलवर पाय पक्का होता. मालाची थप्पी उचलली, वळवली, वरच्या फळीवर अलगद ठेवली.

"उतर. उद्यापासून ऑपरेटरच्या शिफ्टला ये."

मी तिथूनच आईला फोन लावला. "म्हणजे गाडी चालवतोस का?" तिनं विचारलं. गाडीच समज म्हटलं.

आता मला कंपनीचे बूट आहेत. काकांचे मी पुसून, तेल लावून परत दिले, पण भेगा काही गेल्या नाहीत. "शेतावर जायला चालतात," असं ते म्हणतात. मला मात्र दर वेळी त्या भेगाच दिसतात. अंबाडी गावात हातानं बूट शिवणारा एक कारागीर आहे असं कळलंय. काका, एक दिवस तुम्हाला तिथं नेणार, पायाचं माप द्यायला बसवणार, आणि शिवलेल्या तळाचा नवा जोड तुमच्या पायात घालणार. तुम्ही नको म्हणालात तरी.