पांघरुणाखालचा शर्ट

आप्पा मिस्तरींना वेल्डिंगचं पांघरूण विकायला आलेला माणूस बहुधा स्वतःचा शर्ट गमावून परत जायचा. यात मारामारी नव्हती आणि जबरदस्तीही नव्हती. उलट चहा मिळायचा, तोही आल्याचा. पण माल विकायचा तर आधी शर्ट काढावा लागे, हा आप्पांचा नियम होता.

वेल्डिंग करताना ठिणग्या उडतात आणि वितळलेल्या लोखंडाचे थेंब खाली टपकतात. त्यांनी आसपासचं काही पेटू नये म्हणून काचेच्या धाग्यांनी विणलेलं एक खास कापड टाकतात. बाजारात त्याला ब्लँकेट म्हणतात, आप्पा पांघरूण म्हणायचे. नंदुरबारात माझं मंडप-डेकोरेशनचं दुकान आणि त्यांचं वेल्डिंगचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत. त्यामुळे पांघरूण पसंत करण्याचे हे कार्यक्रम मी पहिल्या रांगेत बसून पाहिलेले आहेत.

एकदा सुरतेहून एक गुलाबी शर्टवाला आला. आल्याआल्या त्याने पांघरूण फडकावलं आणि म्हणाला, "आप्पा, एक नंबर माल. याला आग लागतच नाही."

"खरं शे?" आप्पांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला.

"शंभर टक्के."

"मंग काढ शर्ट."

गुलाबी शर्टाची घडी जमिनीवर गेली, तिच्यावर पांघरूण अंथरलं गेलं. आप्पांनी वर लोखंडाची पट्टी धरून वेल्डिंगच्या काड्या जाळायला सुरुवात केली. लालभडक थेंब पांघरुणावर पडले, बसले, हळूहळू काळे झाले. पांघरुणाला काहीसुद्धा झालं नाही. विक्रेत्याचा चेहरा असा फुलला, जणू मुलगी पसंत पडली. आप्पांनी मात्र उकिडवं बसून पांघरुणाचं टोक वर केलं. शर्टाच्या खिशावर बेसनाच्या लाडवाएवढा तपकिरी डाग होता.

मग आप्पा त्या विक्रेत्याशी नाही, थेट पांघरुणाशी बोलले. "तू नही जयनं, ते मले सांगू नको. तुन्हा खालेनं जयनं का, ते सांग."

पांघरूण काही बोललं नाही. विक्रेता चहा पिऊन, आप्पांचा खाकी शर्ट घालून सुरतेच्या गाडीत बसला. त्या शर्टात तसे दोन विक्रेते मावले असते.

आप्पा नम्र वगैरे मुळीच नव्हते. "सुरतपाईन भुसावयलोंग मन्हासारखा मिस्तरी नही," असं ते छाती पुढे काढून सांगायचे आणि कोणी मान डोलावली की जोडायचे, "त्यानापुढे मी गयेल नही." उजवीकडची मिशी ठिणग्यांनी कायमची आखूड झालेली, तरी रोज दोन्ही बाजूंना कंगवा फिरवायचे.

पांघरुणांच्या त्यांनी दोन जाती केल्या होत्या. एक पडद्याची, एक झेलणारी. पडदा हलका, तो उभा टांगायचा. ठिणगी आली, आपटली, विझली, संपलं. झेलणारं मात्र आडवं पसरायचं. त्याच्यावर वितळलेला थेंब येऊन पडतो. "ठिनगी वाटना मानूस शे भो," ते मला समजावत, "राम राम करस अन् निंघी जास. थेंब पाव्हना शे. तो बसस. थंडा व्हवापावत उठस नही." हा पाहुणा सोसण्याची ताकद पडद्यात नसते, हा त्यांचा सिद्धांत. तो त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवला होता की लग्नात सोफ्यावर ठाण मांडून बसलेले लोक पाहिले की मला लोखंडाचे थेंबच आठवतात.

या सिद्धांताची खरी परीक्षा ताराजिजींच्या पथारीवर झाली. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मैदान. हंगामात आमच्या गावाबाहेर जमीन दिसत नाही, नुसता लाल रंग दिसतो. ताराजिजी विधवा बाई, आवाज खणखणीत. त्यांची वर्षाची सगळी कमाई म्हणजे ती मिरची. अर्धी सुकून शेडमध्ये ढीग लावलेली, अर्धी अजून बाहेर उन्हात पसरलेली.

एका सकाळी सुसाट वारा सुटला आणि शेडच्या छताची कैची, म्हणजे पत्रे पेलणारा लोखंडी सांगाडा, सांध्यातून तडकली. तीही नेमकी सुक्या ढिगाच्या वर. पश्चिमेला ढग चढत होते. बाहेरची मिरची आत आणायला हवी होती, पण लोंबकळत्या छताखाली बाया जाणार कशा? आणि आतली बाहेर काढावी, तर डोक्यावर पाऊस. ताराजिजींचा आप्पांना फोन आला. मी टेम्पो काढला.

आम्ही पोचलो तेव्हा देठं खुडणाऱ्या बायांनी वेल्डिंगची जय्यत तयारी केलेली होती. सगळे मिस्तरी करतात तशी गोणपाटं पाण्यात बुचकळून ढिगाजवळ आणली होती. पहिलं गोणपाट मिरचीवर पडणार, इतक्यात आप्पा टेम्पोतून उतरले.

"काय माय, मिरचीले आंघोय घाली ऱ्हायन्यात का?"

वाळलेल्या मिरचीला पाणी लागलं की ती काळी पडते, हे त्या बायांना आप्पांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. घाईत विसरल्या होत्या. गोणपाटं गुपचूप मागे गेली. मला वाटलं, आपणही काही योगदान द्यावं. टेम्पोत सोनेरी झालरीचं मंडपाचं कापड होतं, ते मी पुढे केलं.

"ऱ्हाऊ दे भाऊ," आप्पा म्हणाले, "आज मिरचीनं लगीन नही शे."

त्यांनी स्वतःची दोन पांघरुणं आणली होती. एक राखाडी, भलंमोठं, पडद्याच्या जातीचं. दुसरं तपकिरी, झेलणारं, पण जेमतेम बाजेएवढं. ताराजिजींनी राखाडीला हात घातला. "हाई टाका ना आप्पा. बठ्ठी मिरची झाकाई जाई."

"झाकाई जाई जिजी, पन हाई झेली नही."

"ते ल्हानसं शे, बाकीना ढीग उघडा ऱ्हाई."

"थेंब सरया खाले पडस, जिजी. तो गाव फिराले जात नही."

मग त्यांनी ढिगाचा माथा जरा सपाट करवला आणि सांध्याच्या बरोबर खाली, मिरचीवर एक बाज ठेवली. तिच्यावर तपकिरी पांघरूण ताणून बांधलं, एकही चुणी नाही. चुणीत दोन-चार थेंब जमले तर एकाच जागी ताप साठतो. वारा वाहत होता त्या अंगाला राखाडी पडदा टांगला, उडणाऱ्या ठिणग्यांसाठी. वाळूच्या बादल्या जवळ आल्या. आज कोणाचा शर्ट लागणार नव्हता. शर्टाच्या जागी ताराजिजींचं वर्ष होतं.

आप्पा शिडीवर चढले. थेंब पडू लागले, पांघरुणावर बसू लागले. खाली आम्ही सगळे नाक उघडं ठेवून उभे. मिरची जळली तर डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. तेवढ्यात एक बाई जोरात शिंकली. सगळ्यांचे चेहरे पांढरे पडले.

"मले सर्दी शे," ती ओशाळून म्हणाली. वरून आप्पा म्हणाले, "बाई, तू बाहेर शिंकजो. मन्हा हात हालना."

सांधा जुळला. आप्पा उतरले, पांघरुणाजवळ गोणी टाकून बसले आणि त्यांनी डबीतून तंबाखू काढली. बाहेर गडगडलं.

"चला आप्पा, उचला आते ते," ताराजिजी म्हणाल्या. "मिरची आत आनानी शे."

"अर्धा तास कोनी काही उचलाव नही."

"बाहेरनी भिजी जाई."

"अन् आतनी पेटनी ते बाहेरनी कोठे ठेवशात?" आप्पा तंबाखू मळत राहिले. "त्या टोकले टाका. आठे मी बसेल शे."

शेडचं दुसरं टोक अरुंद होतं. बाया पाट्या भरभरून पळू लागल्या, मीही पळालो. टपोरे थेंब सुरू झाले. कडेची मिरची डोळ्यांदेखत भिजायला लागली. ताराजिजी आप्पांकडे ज्या नजरेने पाहत होत्या, तिच्यावर वेल्डिंगची काडी पेटली असती.

आणि मग त्या खोकल्या. एकदा, परत एकदा. कोणी लक्ष दिलं नाही. आप्पा मात्र उठले.

"जिजी, तुमले बी सर्दी शे का?"

"नही तं."

आप्पांनी मान वर करून वास घेतला. झेलणारं पांघरूण सोडून ते नाकामागे चालत पडद्याकडे गेले आणि तिथे त्यांनाही ठसका लागला. पडदा लांबीला जास्त होता. त्याचं खालचं टोक जमिनीवर लोळत होतं, त्याला चुणी पडली होती. चुणीत उडून आलेले दोन काळे थेंब बसले होते. त्याखाली खुडलेल्या देठांचा कचरा होता आणि कचऱ्यातून सुताएवढा धूर निघत होता. तिथून ढीग हातभर लांब.

आप्पांनी पडदा ओढून फेकला. देठं हातांनीच ढिगापासून दूर पांगवली. मी वाळू ओतली. मग सगळ्यांनी मिळून इतकं खोकून घेतलं की कोणाला बोलता येईना. आवाज फुटल्यावर आप्पा पहिलं वाक्य बोलले ते ताराजिजींशी.

"चुकी मन्ही शे, जिजी. झेलनारं मी निवडीसन टाकं, अन् पडदाले आडवा पडू दिधा."

एवढी फुशारकी मारणारा माणूस हे वाक्य इतक्या सरळपणे बोलेल, असं मला वाटलं नव्हतं. ताराजिजींनी त्यांचे भाजलेले तळवे पाहिले आणि तेल आणायला सांगितलं. बाहेर पाऊस कोसळला. पत्रे थडथडले, कैची जागची हलली नाही. आप्पा मान वर करून बराच वेळ बघत राहिले. "पानी उनं," ते समाधानाने म्हणाले, "छप्पर खाले नही उनं."

कडेची थोडी मिरची काळी पडली. बाकीची लाल राहिली, आणि त्या लाल मिरचीवर ताराजिजींनी पुढचा हंगाम उभा केला.

आता आप्पांचे डोळे अधू झालेत. दुकान बंद करून ते तळोद्याला लेकीकडे राहतात. इकडच्या पथाऱ्यांवर मात्र एक रीत पडली आहे. वेल्डिंग झालं की मिस्तरीला जाऊ देत नाहीत. बाया त्याच्याभोवती बसतात, देठं खुडतात, चहा होतो, आणि कोणी घाई केली की ताराजिजी दरडावतात, "बस खाले. आप्पानी बैठक शे."

परवा मी हे आप्पांना फोनवर सांगितलं. मला वाटलं, आता तासभर स्वतःचं कौतुक ऐकवतील.

"नाव मन्हं ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, "पन काब्र, कसासाठे बसतस, ते पोरीसले सांगतस ना? आप्पानी चुकी करी व्हती म्हनीसन बसतस, आसं सांगा. मंग त्या ध्यान दीसन बसतीन."