पडद्याच्या बाहेर

"आडनाव काय?"

नानासाहेब पलंगावर बसले होते. सदरा काढलेला, बनियन काढलेलं. माझ्या एका हातात स्पिरिटचा बोळा आणि दुसऱ्या हातात वस्तरा. छातीवर वायरींच्या पट्ट्या चिकटवायच्या तर आधी तेवढ्या जागेवरचे केस काढावे लागतात, कातडी घासावी लागते. नाहीतर हृदयाची लाइन कागदावर नीट उमटत नाही. दिवसातून आठ-दहा जणांचं मी हे करते.

मी आडनाव सांगितलं.

नानासाहेबांनी बाजूला ठेवलेला सदरा उचलला आणि छातीशी धरला. मोबाइलवरून खाली फोन केला. आमचे डॉक्टर सर दोन मिनिटांत वर आले. एरवी त्यांना वर यायला अर्धा तास लागतो. दोघांचं हळू आवाजात काहीतरी झालं. मग सर माझ्याकडे वळले.

"तू जरा पडद्याच्या बाहेर थांब. सिस्टर लावेल. तू फक्त जागा सांग."

मी बाहेर गेले. हिरवा पडदा ओढला गेला. जनरल वॉर्डातून एक सिस्टर बोलावली, नवीनच लागलेली पोरगी. तिनं हे काम कधी केलेलं नव्हतं. मी बाहेरून ओरडून सांगत होते, उजवीकडे चौथ्या आणि पाचव्या बरगडीच्या मध्ये, आता तीच जागा डावीकडे, आता एक बरगडी खाली. दहा जागा असतात. बरगड्या बोटांनी मोजाव्या लागतात, डोळ्यांनी मोजता येत नाहीत. माझी बोटं हवेत मोजत होती. पडद्याकडे तोंड करून उभी असलेली एक शिकलेली बाई आणि तिची हवेत हलणारी बोटं. स्वच्छता करणाऱ्या मावशी दारातून बघत होत्या. त्यांना सगळं कळलं होतं.

जळगावातल्या एका खाजगी हॉस्पिटलात मी स्ट्रेस टेस्टचं मशीन चालवते. पेशंटला फिरत्या पट्ट्यावर चालवायचं. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढतो. हृदयावर ताण येतो आणि जे दडलेलं असतं ते कागदावर येतं. मी लाइनकडे बघायचं, पेशंटच्या तोंडाकडे बघायचं, दर मिनिटाला विचारायचं, छातीत दुखतंय का, दम लागतोय का. खरं तर टेस्ट चालू असताना डॉक्टरांनी खोलीत असायला हवं. आमचे सर खाली ओपीडीत असतात.

नानासाहेब एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. आमच्या हॉस्पिटलच्या ट्रस्टवर पण आहेत. एप्रिलमध्ये त्यांच्या संस्थेत जयंती होते. नानासाहेब निळा फेटा बांधतात आणि समतेवर तासभर बोलतात. माझा मामेभाऊ त्यांच्या कॉलेजात शिपाई आहे, तो सांगतो, भाषण फार चांगलं असतं.

नंतर सर मला समजावत होते. म्हणाले, वय झालंय त्यांचं, बाईमाणसानं छातीला हात लावला की अवघडल्यासारखं होतं. मी मान हलवली. सिस्टर पण बाईच होती. फरक इतकाच की तिचं आडनाव नानासाहेबांच्या भावकीतलं होतं. हे मी सरांना बोलले नाही. त्यामुळे मला सरांपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

त्या दिवसापासून आमच्याकडे एक शब्दच तयार झाला. तसा कुणी पेशंट असला की सर फोनवर म्हणायचे, "आज पडदा आहे." म्हणजे मी समजून घ्यायचं. वर्षातून चार-पाच वेळा. पेशंट येण्याआधीच वॉर्डातून सिस्टर यायची, मी न सांगता बाहेर जाऊन उभी राहायचे. कुणी जातीचा शब्द तोंडातून काढला नाही. इतक्या सभ्यपणे चालायचं सगळं, की मी स्वतःच पडदा सारखा करून द्यायचे.

एका रविवारी सोनगीरला घरी गेले होते. आबा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. आई आत भाकरी थापत होती. मी आबांना सगळं सांगितलं. वाटलं होतं चिडतील, हॉस्पिटलला शिव्या घालतील. माझ्या पाठीवरून हात फिरवतील असंही वाटलं असेल. आबांनी शेंगा फोडणं थांबवलं नाही.

"त्यासनी सांगं तं सांगं. तू काबरं गयी?"

मी म्हणाले, "नोकरी शे ना, आबा."

आबांनी पुढची शेंग फोडली. मला ते खूप लागलं. इथं मुलीचा अपमान झालाय आणि बाप तिलाच विचारतोय, तू का गेलीस. दीड महिना मी घरी फोन केला नाही. आईला मेसेज टाकायचे, ड्यूटी आहे.

मग या वर्षी नानासाहेब पुन्हा आले. वार्षिक तपासणी. त्यांच्या मुलाचं लग्न तीन आठवड्यांवर होतं आणि त्याआधी त्यांना रिपोर्ट हवा होता. सकाळी सरांचा फोन, आज पडदा आहे.

मी खोटं लिहिणार नाही. मी या वेळीही गेले. मनात वर्षभर ठरवलं होतं की आता जायचं नाही, आणि फोन आल्यावर पाय आपोआप पडद्याच्या बाहेर गेले. तीच सिस्टर. मी सांगत गेले, ती लावत गेली. मी विचारलं, बरगडी नीट मोजलीस का. आतून आवाज आला, "मोजली ताई." आवाज घाबरलेला होता.

नानासाहेब पट्ट्यावर उभे राहिले. मी मशीनशी. आमच्यात दोन हातांचं अंतर. स्क्रीनवर लाइन आली. दोन ठिकाणी मला थोडी विचित्र वाटली, पट्टी जरा खाली लागली असावी. मी सिस्टरला म्हणाले, तिसरी आणि चौथी एकदा बघ. नानासाहेबांनी भिंतीकडे बघत सांगितलं, "सिस्टर, तिला सांगा, सुरू करा म्हणावं. मला अकराला मीटिंग आहे."

मी सुरू केलं.

पहिली तीन मिनिटं गेली. मी विचारलं, छातीत दुखतंय का. नानासाहेब भिंतीकडे बघत चालत होते. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. ते सिस्टरला म्हणाले, हिला सांगा सारखं विचारू नको. हे मशीन पेशंटच्या उत्तरावर चालतं. कागद अर्धं सांगतो, माणूस अर्धं सांगतो. आणि हा माणूस मला उत्तर देणार नव्हता. खोलीत फक्त पट्ट्याची घरघर आणि त्यांच्या बुटांचा आवाज.

सहाव्या मिनिटाला त्यांचा डावा हात जबड्याकडे गेला. दाढी खाजवल्यासारखा. मी विचारलं, जबडा दुखतोय का. उत्तर नाही. ओठांचा रंग उतरला होता. सातव्या मिनिटाला लाइन खाली बसायला लागली. आधी दोन ठिकाणी, मग चार. सिस्टर हाताचा पट्टा फुगवून बीपी घेत होती. ती हळूच म्हणाली, "ताई, एकशे तीस." तीन मिनिटांपूर्वी एकशे साठ होतं. चालताना बीपी चढायला पाहिजे. उतरायला लागलं की त्याचा अर्थ एकच असतो, हृदयाला झेपत नाहीये, पट्टा थांबवा, आणि तो शिकताना पहिल्याच महिन्यात माझ्याकडून घोकून घेतला होता.

मी खाली फोन लावला. हात मशीनवर हवे म्हणून स्पीकरवर टाकला. सगळं सांगितलं. सर पेशंट बघत असावेत, मागे कुणीतरी खोकत होतं.

"अगं, वायरी चुकल्या असतील. सिस्टरनं लावल्यात ना? चालू ठेव. दोन-तीन मिनिटं काढ, नाहीतर मला ऐकून घ्यावं लागेल."

माझ्यात त्या क्षणी बंड वगैरे काही नव्हतं. भीती होती. सर म्हणतात ते खरंही असेल. वायरी मी लावल्या नव्हत्या. माझ्या बोटांनी त्या बरगड्या मोजल्या असत्या तर मी छातीठोकपणे म्हटलं असतं, ही लाइन खरी आहे. मला ते म्हणता येत नव्हतं, कारण मी बाहेर उभी होते. नोकरी टिकवायला बाहेर उभी होते. आणि आता एक माणूस माझ्या समोर मरेल आणि मला खात्रीनं सांगताही येणार नाही की मरतोय. आबांनी जे विचारलं होतं ते मला तेव्हा कळलं. ओट्यावर कळलं नव्हतं.

मी मशीन बंद केलं.

पट्टा थांबला. नानासाहेबांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं.

"कुणाला विचारून बंद केलं?"

मी म्हणाले, कुणालाच नाही. पलंगावर झोपा. ते झोपत नव्हते. मी त्यांचा दंड धरला, चांगला घट्ट धरला, आणि झोपवलं. घामानं थंडगार दंड. जिभेखाली गोळी ठेवली. त्यांनी तोंड उघडलं आणि घेतली. माझ्याच हातानं. फक्त पट्टा बंद केला होता, लाइन उमटतच होती. सहा मिनिटांनी ती हळूहळू जागेवर आली. वायर चुकली असती तर सुरुवातीपासून चुकलेली दिसली असती. चालताना खाली जाऊन झोपल्यावर वर यायला वायर काही शहाणी नसते.

सर वर आले. कागद हातात घेतला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना कळलं. एका नजरेत कळलं, शेवटी डॉक्टर आहेत. ते नानासाहेबांना म्हणाले, एकदा अँजिओग्राफी करून घेऊ, उद्याच.

नानासाहेब उठून बसले होते. सदऱ्याची बटणं लावत म्हणाले, "तुम्हीच फोनवर म्हणालात ना वायरी चुकल्या? मी ऐकलं की. मग अँजिओग्राफी कशाची?"

आता सरांनी बोललेलं गिळायचं तर ट्रस्टींसमोर खोटं पडायचं. त्यांनी कागदाची घडी घातली. म्हणाले, हो, शक्यता आहे, लग्नानंतर पुन्हा करू. इतकं सोपं होतं ते. मी दारात आडवी उभी राहिले. म्हणाले, नानासाहेब, ती लाइन खरी आहे, इथं नको तर नाशिकला दाखवा, मुंबईला दाखवा, पण आज दाखवा. ते सिस्टरला म्हणाले, हिला बाजूला घ्या. सिस्टरनं माझा हात धरला.

दुपारी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. मजकूर टाइप करून तयार होता. मी वायरी चुकीच्या जागी लावल्या, चुकून मशीन बंद केलं, दिलगीर आहे. खाली माझ्या सहीची जागा. मी वाचलं, पुन्हा वाचलं. मी लावल्या. ज्या छातीला मला बोट लावू दिलं नाही, तिच्यावर वायरी मी लावल्या. सर म्हणाले, फक्त फाइलला लावायचंय, तुझा पगार वगैरे काही कापणार नाही.

मला ते पत्र माझ्यासाठी वाईट वाटलं नाही, हे खरं सांगते. अपमान पचवायची सवय होती. पण ती सही झाली की तो कागद रद्द. कागद रद्द की तो माणूस निरोगी. लग्नात नाचेल, वरातीपुढे चालेल, आणि कुणालाच माहीत नसेल.

मी कोरा कागद मागितला. किती वाजता टेस्ट सुरू झाली, कितव्या मिनिटाला लाइन कुठं गेली, बीपी किती होतं, हे लिहिलं. फोनवर काय सांगितलं गेलं ते लिहिलं. वायरी मी लावल्या नाहीत, आणि का लावल्या नाहीत, तेही लिहिलं. तो शब्द मी सहा वर्षांत पहिल्यांदा त्या इमारतीत वापरला. जात. सिस्टर मला जिन्यात भेटली होती, म्हणाली होती, "ताई, माझं नाव नको ना लिहू." मी नाव लिहिलं. तिची चूक नव्हती हेही लिहिलं. तिनं नंतर माझ्याशी बोलणं सोडलं. चालेल.

सरांनी वाचलं. म्हणाले, "तुला कळतंय का, तू कुणाविरुद्ध लिहितेयस?"

"विरुद्ध नाही सर. त्यांच्या बाजूनं हा एकच कागद आहे."

एक प्रत फाइलला लावली. एक नानासाहेबांच्या घरी रजिस्टरनं पाठवली, टेस्टच्या कागदाच्या झेरॉक्ससह. एक माझ्याकडे. त्यांच्या घरून काही उत्तर नाही. धुळ्यात कुणाकडून तरी त्यांनी दुसरा रिपोर्ट आणला म्हणतात, नॉर्मल. कुणी केला, वायरी कुणी लावल्या, किती मिनिटं चालवलं, माहीत नाही. लग्न आठ दिवसांवर आलंय. चौकाचौकात बॅनर लागलेत, त्यावर नानासाहेब हात जोडून हसतायत. मी खाली मान घालून जाते. फोन वाजला की मला आधी वाटतं, नानासाहेबांचंच काही झालं.

सोमवारी ट्रस्टच्या ऑफिसात बोलावलंय. माफी मागितली तर नोकरी राहील, असा निरोप आहे. आईनं रडून घेतलंय. आबा म्हणाले, मी येतो सोबत. मी नको म्हटलं.

माफी मागणार नाही. काढलं तर काढतील. चाळीसगावात मशीन आहे, नाशिकला आहेत, सुरतेला आहेत. जिथं जाईन तिथं पहिल्या दिवशी, पगाराच्या आधी, एकच विचारीन, पेशंटच्या छातीला हात कोण लावतं. मी लावणार असेन तर दुसऱ्या दिवशी कामावर येईन. आणि जो पेशंट मला हात लावू देणार नाही, तो माझ्या मशीनवर चढणार नाही. मग तो कुणीही असो.