मिलच्या आंगणातलं डांबर

डांबराचं काम मी काही वर्षं केलं. अजूनही रस्त्यावर भट्टी पेटलेली दिसली की माझं डोकं उठतं. वासाचं काही नाही, वासाची सवय झाली होती. मला मूल गावच्या राईस मिलचं आंगण आठवतं.

त्या आंगणात धान वाळायचं. हौदात भिजवून वाफवलेलं ओलं धान बाया उन्हात पसरायच्या, पायानं फिरवायच्या, आणि खडखडीत झालं की ते आत मशीनवर जायचं. एका बाजूला खेड्यांवरून आलेल्या बैलबंड्या सुटलेल्या असत. जमीन मातीची. तांदळात माती जाऊ नये म्हणून ते सगळं आंगण शेणानं सारवावं लागे आणि ते काम माझ्या आईकडे होतं. आठ-दहा दिवसांत सारवण पापुद्र्यांनी निघायला लागे, मग पुन्हा पहिल्यापासून. बाबा त्याच मिलच्या भट्टीवर होते. ते गेल्यावर मिलच्या शेठनं आईला हे काम दिलं, आणि त्यावर तिनं मला वाढवलं. माझं लग्न झालं, नांदणं जमलं नाही, मी परत आले, तरी ती सारवतच होती. कंबर अशी धरली होती की उभी राहिली तरी तिची नजर जमिनीवरच असे.

मी चांद्याच्या रस्त्यावर डांबराच्या गँगमध्ये लागले होते. शेठनं नागपूरला कुठल्याशा गोदामापुढं डांबराचं आवार पाहिलं आणि त्याच्या मनात ते भरलं. धान लवकर वाळेल, बंड्या, मोटारी चिखलात फसणार नाहीत, सारवणाची कटकट जाईल. ठेकेदार त्याच्या ओळखीचा. आमची गँग उचलून मिलमध्ये आणली.

आधी मुरूम, वर गिट्टी, तिच्यावर पाणी मारून बैलांनी ओढायचा रोलर. मग पिपातलं डांबर भट्टीवर उकळायचं, गडी झारीनं ओतायचे आणि आम्ही बाया मागोमाग घमेल्यानं गिट्टीची बारीक चुरी फेकायचो. पायाला गोणपाट बांधलं तरी तळवे भाजायचेच. घासलेटनं हात घासघासून धुतले तरी भाताचा घास डांबराचा लागायचा.

गँगमधल्या एका बाईनं पहिल्याच दिवशी टोचलं, "तुह्या मायच्या पोटावर तूच डांबर ओतून राह्यली व."

"मंग तू नको ओतू, जाय घरी," मी म्हटलं. माझी जीभ तेव्हाही अशीच होती. पण लागलं ते लागलंच.

त्यात आई रोज दुपारी यायची आणि कुंपणाच्या सावलीत आमचं काम पाहत बसायची. लोक हळहळायचे, बिचारीचं काम गेलं म्हणून. मी जवळून गेले की विचारायची, "पक्कं होते ना हे?"

"होते."

"उखडत नाई ना?"

"मोटारी जातेत यावरून, माय. कायले उखडते?"

शेवटी मी चिडले. म्हटलं, "काऊन येऊन बसतं उन्हाचं? काम गेलं म्हणून रडू येते का?"

ती माझ्याकडे पाहून चक्क हसली. "रडू कायचं व? मले सोडता येत नवतं. तुहा बाप गेला तवा शेठनं हात देल्ला. ज्याचं मीठ खाल्लं त्याले नाई म्हणाले तोंड कुठून आणू? आता आंगणच म्हणते, बाई, घरी बस."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. त्या दिवसापासून मी चुरी फेकताना एक बोट जागा उघडी राहू दिली नाही. मुकादम शेठला सांगत होता, इतकं जाड डांबर नका टाकू, उन्हाळ्यात वर येते. शेठ म्हणाला, टाका, पैसा माझा आहे, पिढीभर टिकलं पाहिजे. आम्हाला कोण विचारतं?

नव्याचे नऊ दिवस सुरेख गेले. काळंभोर आंगण, त्यावर पिवळं धान, दुपारपर्यंत वाळून तयार. आई घरी होती. माझ्या मजुरीवर दोघींचं भागत होतं. ती उशिरा उठायची, भिंतीला पाठ लावून बसायची, कधी कधी मान वर करून शेजारणीशी बोलायची. ते पाहूनच माझं अंग हलकं व्हायचं.

शिमगा झाला आणि चैत्राचं ऊन लागलं. आमच्याकडचं ऊन म्हणजे दगड फुटावा असं. डांबर वितळून वर आलं. धान फिरवणाऱ्या बायांचे पाय चिकटू लागले, बंड्यांच्या चाकांनी चऱ्या पडल्या, धान जमिनीला धरून बसलं. तांदळावर काळे ठिपके. मुकादमानं वरून वाळू फेकली, तर वाळू तांदळात. शेठ दिवसभर सगळ्यांवर ओरडत होता.

मग मिलचा दिवाणजी आमच्या दारात आला. आई चिंचा फोडत होती. म्हणाला, डांबरावर शेणाचं सारवण घातलं तर धान चिकटणार नाही.

मी म्हटलं, "माय येत नाई. तिची कंबर गेली. दुसरं कोणी पाहा."

तो माझ्याशी बोललाच नाही. आईला म्हणाला, "बाई, शेठनं तुमचंच नाव घेतलं."

आईनं चिंचेचे हात पदराला पुसले. भिंतीचा आधार घेत उठली. "येतो म्हना," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मीही तिच्याबरोबर गेले. ती गुडघ्यांवर बसून सारवत सरकत होती, मी शेण कालवून देत होते. डांबरावर शेण धरत नव्हतं. मातीवर आठ-दहा दिवस टिकायचं, इथं संध्याकाळपर्यंत पायाखाली सुटून आलं. म्हणजे आता रोज सारवायचं. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय! वाटेत भेटणाऱ्या बाया मात्र म्हणत होत्या, बरं झालं, तुमचं काम परत भेटलं.

घरी येताना मी शेठला शिव्या घातल्या, ठेकेदाराला घातल्या, त्या उन्हालाही घातल्या. विहिरीपाशी आई थांबली, हात धुतले आणि तशीच वाकून उभी राहिली. तिनं मला कधी बोल लावला नव्हता.

"तू नीट टाकाले पाह्यजे होतं, बाई," ती म्हणाली.

मी वाकून तिच्या शेणानं भरलेल्या पायांवर पाणी ओतलं.

"मले वाटलं, तुह्या हातचं हाये," ती म्हणाली, "तर टिकंन."