बिल्कीसबायच्या ओसरीवरचा लुकमा

आमचं घर गोव्यात, साखळी गावात. जनेलासमोरच, म्हणजे खिडकीसमोरच, बिल्कीसबायची ओसरी. शाळा सुटली की सात-आठ मुली डोक्यावर ओढणी घेऊन तिथं कुराण शिकायला बसतात. ती एक ओळ म्हणते, मुली मागून म्हणतात. मी दुसरीपर्यंत शिकलेली. जनेलात बसून लसूण सोलते आणि फुकट ऐकते. इतकी वर्षं ऐकलं, पण अर्थ ओ की ठो कळत नाही.

एकदा विचारलं, "पुस्तक आहे समोर, मग घसा कशाला ताणतेस गो?"

"पुस्तकात अक्षर असतं, यशोदाबाय. उच्चार तोंडातूनच घ्यायचा. मी माझ्या उस्तानीकडून घेतला, तिनं तिच्या. माझा चुकला तर या सगळ्यांचा चुकला."

यंदा तिला मोतिबिंदू झाला. पुस्तक नुसतं मांडीवर, बाकी सगळं पाठ. एका दुपारी नेहमी वर चढणारा सूर चढलाच नाही, सरळ पुढे गेला. पुढं बसलेली रुमाना अडखळली, तिनं बिल्कीसकडे पाहिलं आणि मुकाट तसंच म्हटलं.

संध्याकाळी मी पलीकडे गेले. "आज तू काहीतरी गिळलंस."

"काय?"

"मधली एक ओळ."

तिनं मांडीवरचं पुस्तक मिटलं. म्हणाली, "मुलींच्या आया आधीच मोबाईलवरचा मौलवी बघतायत. हे कळलं तर ओसरी रिकामी होईल."

"मी नाही सांगणार."

"तुझ्या पोटात कधी काय राहिलंय?"

दुसऱ्या दिवशी तिनंच मुलींना विचारलं, "काल मी कुठं चुकले?" कुणी बोलेना. "नमाजात इमाम अडला तर मागचा माणूस पुढची ओळ देतो. त्याला लुकमा म्हणतात, म्हणजे घास. इमाम रागावत नाही, घास घेतो नि पुढे जातो. येत असून गप्प बसणारीचीही चूकच."

रुमानानं खाली मान घालून ती ओळ म्हटली. बिल्कीसनं तिच्यामागून म्हटली, शिष्येसारखी.

घरोघरी बातमी गेलीच. दोघी मुली मोबाईलवरच्या मौलवीकडे गेल्या. रुमानाची आई मात्र येऊन पायरीवर बसली, अख्खा धडा ऐकला. निघताना म्हणाली, "त्या मौलवीला आमची पोर कशी टोकणार? राहू दे इथंच."

आता मुली लुकमा द्यायला टपलेल्या असतात. मला अरबी येत नाही, पण चाल मोडली की मी जनेलातून खोकते. बिल्कीस मागे जाऊन ओळ पुन्हा धरते.

परवा मात्र मला खरंच खोकला झाला होता. बिचारीनं एकच ओळ चारदा म्हटली.