झालरीच्या जाकिटातलं बंड

चाळिशी ओलांडलेल्या माणसाने बंड करू नये, आणि केलंच तर त्यासाठी कपडे शिवायला टाकू नयेत.

मी तेव्हा ओमानमध्ये, सोहारच्या औद्योगिक वसाहतीत पाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोल बघायचो. बायको मेधा आणि मुलगी रेवा दोन तासांवरच्या सीबला राहायच्या, कारण रेवाची शाळा तिकडे. दर गुरुवारी संध्याकाळी मी गाडी काढून सीब गाठायचो आणि शनिवारी परत फिरायचो. ती गाडी मी डेल नावाच्या अमेरिकन सहकाऱ्याकडून घेतली होती. डेल कायमचा मायदेशी गेला, पण जाताना प्लेअरमध्ये एक सीडी अडकवून गेला. ती बाहेर येईना, आणि ती आत आहे तोवर रेडिओ लागेना. मेकॅनिक म्हणाला, "साब, पूरा डॅशबोर्ड खोलना पडेगा." मी म्हटलं, राहू दे.

सीडीवर जुन्या अमेरिकन कंट्री गायकांची गाणी होती. तुरुंग, ट्रक, दारू आणि सोडून गेलेली बायको, एवढ्यावर सगळा संसार! पहिले काही आठवडे मी वैतागलो. मग डेलने कधीतरी चहा पिताना सांगितलेलं आठवायला लागलं. या लोकांना म्हणे कंपन्या सांगायच्या, असा सूट घाला, केस कापा, मागे व्हायोलिनं वाजू द्या, आम्ही देतो तीच गाणी म्हणा. आणि हे म्हणायचे, नाही. गाणी आमची, वादक आमचे, केसही आमचे. मी आयुष्यात कोणाला 'नाही' म्हटलं नव्हतं. एकशेवीसची मर्यादा असेल तर मी एकशेदहाने जाणारा माणूस. पण त्या सीडीने माझ्यात काहीतरी बिघाड केला. वाटेतलं सहम गाव मागे पडलं की मी काच खाली करून त्या लोकांच्या बरोबरीने ओरडायला लागलो. (काच फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उरलेले महिने बंड एसीत.)

दोनेक वर्षांनी आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाची सूत्रं मेधाकडे आली. ही साधी गोष्ट नव्हती. इतकी वर्षं ती मंडळाचा फराळ सांभाळत होती. तिच्या डोक्यात कार्यक्रमांच्या शंभर कल्पना असायच्या आणि हातात कायम झारा असायचा. मंडळाचे अध्यक्ष पाटणकरकाका. त्यांच्या राज्यात दरवर्षी तेच भावगीत, तेच नाट्यगीत आणि तोच पिवळा झब्बा. मेधाने मागे लागून लागून एक संधी मिळवली होती. देताना काका म्हणाले होते, "बघू या जमतंय का. नाही जमलं तर फराळ आहेच की."

आणि नेमकं तेव्हाच मी घरी जाहीर केलं, "या वर्षी मी गाणार. माझं स्वतःचं गाणं."

"कसलं गाणं?" मेधाने विचारलं.

मी रेवाची गिटार घेतली आणि शिकलेल्या तीन कॉर्डांवर म्हणून दाखवलं. सोहारच्या रस्त्यावर एकटा नवरा, एसी बंद पडलेला, रडारने फोटो काढला तेव्हा हसायचं राहून गेलं, असं ते गाणं होतं. ध्रुवपदात साहेबाला 'खलास', म्हणजे 'आता पुरे', असं म्हटलेलं होतं. (साहेब मल्याळी होता, मराठी कळायची भीती नव्हती.)

रेवा म्हणाली, "बाबा, प्लीज. माझे सगळे फ्रेंड्स तिथे येणार आहेत."

मेधा मात्र म्हणाली, "वेगळं आहे. गा तू. पण सुधीर, माझा कार्यक्रम बुडवू नकोस."

पाटणकरकाकांशी ती माझ्यासाठी भांडली. काका म्हणाले, "इंग्रजी गाणी आपल्या मंडळात नाहीत."

"मराठी आहे काका. सुधीरनेच लिहिलंय."

"मग तर जास्तच काळजी."

शेवटी "तुमच्या जबाबदारीवर" असं म्हणून त्यांनी परवानगी दिली. म्हणजे मी पडलो तर मेधाही पडणार, हे ठरलं.

इथे थांबलो असतो तर निभावलं असतं. पण बंडखोराला पोशाख हवा. डेल गाडीतच ठेवून गेलेल्या सीडीच्या कव्हरवर अंगठ्याएवढ्या फोटोत एक गायक होता. अंगात जाकीट आणि त्याच्या बाह्यांना, छातीला, पाठीला लोंबणारी कातडी झालर. तो फोटो घेऊन मी सहमला हसनचाचांच्या दुकानात गेलो. चाचा मूळचे दापोलीकडचे, अर्धं आयुष्य ओमानी गिऱ्हाइकांचे दिशदाशे, म्हणजे पायघोळ झगे, शिवण्यात गेलेलं. त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन फोटो डोळ्याला लावला.

"सायब, ह्या काय लोंबतंय?"

"झालर आहे चाचा. सगळीकडे हवी. भरपूर."

"म्हंजे फराखे. रोज करतंय मी. पण एका माणसाला एवढे?"

"एवढेच."

"खलास. इन्शाल्ला, प्रोग्रामच्या दिवशी घेवन जा."

फराखा म्हणजे ओमानी दिशदाशाच्या गळ्याशी लोंबतो तो छोटा गोंडा. मला वाटलं, झालर काय नि गोंडा काय, लांबून सारखंच दिसणार. त्या गोंड्याचं खरं काम काय असतं, हा प्रश्न क्वालिटी कंट्रोलवाल्या माणसाने विचारायला हवा होता.

कार्यक्रमाच्या दिवशी सोहारहून येताना मी जाकीट उचललं. चाचांनी ते दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून वरून चिकटपट्टी मारली होती. "आत्ता खोलू नको. स्टेजवर जाताना खोल, नायतर माझी मेहनत उडून जायल." मला वाटलं इस्त्रीबद्दल बोलताहेत. मी अर्थातच पिशवी उघडली नाही. कंपन्यांना झुगारणाऱ्या गायकांचा चेला शिंप्याने सांगितलं म्हणून घडी मोडेना.

हॉल गच्च भरला होता. मेधाचा कार्यक्रम सुंदर रंगला होता. लहान मुलांची नाटुकली झाली, दोन बायकांनी ओव्यांचं झकास काहीतरी केलं, आणि पाटणकरकाका पहिल्या रांगेत चक्क टाळ्या वाजवत होते. माझं नाव पुकारायला पाच मिनिटं असताना मी विंगेत पिशवी फोडून जाकीट अंगात चढवलं.

ओमानी फराख्याला अत्तर लावतात. माणूस वळला की मंद वास यावा, म्हणून एका गोंड्याला एक बोट. चाचांनी माझ्या जाकिटाच्या एकूण एक गोंड्याला अत्तर लावलं होतं. दरवळ कसला, तो हल्ला होता! बाजूला तबलजी कुलकर्णी उभे होते, ते दोन पावलं मागे सरकले. मी चाचांना फोन लावला.

"चाचा, हे अत्तर कशाला?"

"अरे, सुका फराखा म्हंजे मीठ नाय तशी आमटी. पैसे नको, माझ्याकडनं भेट."

आता एक खाजगी गोष्ट सांगतो. मला साध्या उदबत्तीनेही शिंका येतात. जाकीट काढावं तर आत फक्त बनियन होतं, शर्ट गाडीत. तेवढ्यात मेधाचा आवाज आला, "आणि आता एक अगदी नवं गाणं..."

पहिली ओळ अर्धी झाली आणि पहिली शिंक माइकमध्ये गेली. कुलकर्णींना वाटलं समेवर आली, त्यांनी तिहाई वाजवली. लोकांनी टाळ्या दिल्या. दुसरी शिंक आवरायला मी नाकाशी हात नेला आणि बाहीचे गोंडे गिटारीच्या तारांत गुंतले. हात परत ओढला तर गिटारही तोंडापर्यंत आली. मग शिंकांची रांगच लागली. अत्तर पहिल्या रांगेत पोचलं, एकेक रुमाल बाहेर निघाला. मागून रेवाच्या मैत्रिणींचं हसू ऐकू येत होतं, आणि रेवा खुर्चीवर दिसत नव्हती. बहुधा खुर्चीखाली होती.

पाटणकरकाका उठले. "पडदा घ्या," ते म्हणाले. "मी सांगत होतो. पुढच्या वर्षी जुनंच बरं."

माझं हसं झालं त्याचं काही नाही, मला सवय आहे. पण तिने इतकी वर्षं वाट पाहून मिळवलेली गोष्ट मी गोंड्यांत गुंडाळून बुडवली होती.

मेधा विंगेतून आली. पडद्याची दोरी धरलेल्या माणसाला म्हणाली, "थांबा." मग पहिल्या रांगेकडे वळली. "काका, बसा. गाणं संपलं नाहीये." त्या हॉलमध्ये काकांना 'बसा' म्हणणारं कोणी पाहिलं नव्हतं. काकांनीही पाहिलं नसावं, कारण ते बसले.

तिने माझ्या हातातून माइक घेतला, कुलकर्णींना मान हलवली आणि माझंच गाणं सुरू केलं. फक्त शब्द तिचे होते. सोहारचा एकटा नवरा तिने दोन ओळींत उडवून लावला. मग सीबची बायको आली, जिच्याकडे गुरुवारी नवरा येतो आणि त्याच्या आधी त्याची मळक्या कपड्यांची बॅग घरात शिरते. पहिल्या कडव्याला बायका हसल्या. दुसऱ्याला बायका गायला लागल्या, आणि त्यांचे नवरे मोबाइल बघायला लागले. मी मागे गिटारीत अडकून उभा होतो, प्रत्येक ओळीला शिंकत होतो, आणि खरं सांगतो, मला तिचा भयंकर अभिमान वाटत होता. हॉल उठून उभा राहिला.

नंतर पाटणकरकाका विंगेत आले, रुमालातूनच बोलले. "मेधाताई, पुढचं वर्षही तुमचंच. फक्त कोण गाणार, ते समिती ठरवेल."

"नाही काका," मेधा शांतपणे म्हणाली. "कार्यक्रम माझा, तर कोण गाणार ते मी ठरवणार."

काकांनी मान डोलावली. माझी छाती फुगली. हेच ते, मनात म्हटलं, हेच दोन वर्षं मी गाडीत ऐकतोय! मी पुढे होऊन म्हणालो, "अगदी बरोबर! असंच ठणकावून सांगायला हवं."

"हो ना?" मेधा माझ्याकडे वळली. "मग तू गाणार नाहीस."

मी "बरं" म्हणालो.