दीड मीटर केबल आणि डावीकडची गुणगुण

घरच्या थिएटरला बॅलन्स्ड केबल लावून फरक पडतो का, हे मी मोजून पाहिलेलं आहे. दीड मीटर अंतराला पडत नाही. माझं मोजमाप बरोबर होतं. त्यातून काढलेला अर्थ चुकला, आणि आज माझ्या बायकोला डाव्या कानाने ऐकू येत नाही.

मुलगी लग्न होऊन गेली तेव्हा नारायणगुड्याच्या आमच्या फ्लॅटमधली तिची खोली रिकामी झाली. तिथे मी हौसेने पडदा, पाच स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर बसवला. पहिल्याच आठवड्यात बायको म्हणाली, "डावीकडून बारीक गुणगुण येतेय हो." ती शाळेत शिकवते, दिवसभर पन्नास मुलांचा गलका ऐकून घरी येते आणि कुरकुर करत नाही. म्हणून मी ते मनावर घेतलं. स्पीकरला कान लावला, मला काही ऐकू आलं नाही. डाव्या-उजव्या स्पीकरांची अदलाबदल केली. तरी तिला गुणगुण डावीकडूनच येत होती. म्हणजे स्पीकर निर्दोष. डाव्या भिंतीतून विजेची लाइन जाते, तिचा त्रास अ‍ॅम्प्लिफायरला येणाऱ्या दीड मीटर केबलला होत असणार, असं मी ठरवलं.

साध्या केबलमध्ये आवाज एका तारेतून जातो. बॅलन्स्डमध्ये तोच आवाज दोन तारांतून जातो, एकीत सुलटा, दुसरीत उलटा. वाटेत शिरलेली खरखर दोन्हींत सारखी असते, ती पलीकडच्या टोकाला वजा होते. आबिड्सच्या दुकानदाराने मला पुष्कळ समजावलं. "इत्ते से फासले को कायकू लेरे साब? ये शादीखाने वालों का माल है." लग्नाच्या हॉलमध्ये लांबच लांब तारा ओढणाऱ्यांची ही वस्तू, असं त्याचं म्हणणं. ते पटलं, पण पटलं म्हणून सोडून देणं माझ्या स्वभावात नाही. केबल आणली आणि एका रविवारी दुपारी परीक्षा घेतली.

यंत्रासमोर पुठ्ठा उभा केला. बायकोला सोफ्यावर बसवलं, हातात कागद दिला. आठ वेळा मी पुठ्ठ्यामागे खटपट करायची आणि गुणगुण येते का, एवढंच तिने हो किंवा नाही लिहायचं. तीनदा साधी केबल, तीनदा बॅलन्स्ड. उरलेल्या दोन वेळा मी यंत्र बंद ठेवलं. ते तिला सांगितलं नव्हतं. कोणतीही परीक्षा अशीच घ्यायची असते.

आठपैकी आठ हो.

जेवताना मी निकाल सांगितला. मला फार मजा वाटत होती. "दोन वेळा तर यंत्र बंदच होतं," मी म्हणालो.

ती ताटातला भात कालवत राहिली. मग म्हणाली, "मग येते कुठून?"

"मनातून," मी म्हणालो.

माझ्या मोजमापांच्या वहीत तारीख घालून मी लिहिलं: केबलचा फरक शून्य, गुणगुण हा भास. खाली रेघ मारली. तिने तो विषय पुन्हा काढला नाही. मला वाटलं, पटलं असेल.

अकरा महिने गेले. मधल्या काळात ती म्हणाली होती, की फोनमध्ये नीट ऐकू येत नाही. मी तो स्वतःच्या कानाला लावून पाहिला आणि ठीक आहे म्हणून परत दिला. त्यानंतर ती फोन उजव्या कानाला लावू लागली. ते मी पाहिलं होतं. मग हिमायतनगरला रस्ता ओलांडताना डावीकडून आलेली रिक्षा तिला अगदी अंगावर येईपर्यंत समजली नाही. थोडक्यात वाचली. दुसऱ्या दिवशी आम्ही कानाच्या डॉक्टरकडे गेलो.

तपासण्या झाल्या. डाव्या कानाच्या नसेवर गाठ होती. कर्करोगाची नव्हती, पण वाढलेली होती. डॉक्टरांनी विचारलं, कानात आवाज कधीपासून येतो?

बायको म्हणाली, "यांच्या वहीत तारीख आहे."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच वाटलं, की माझी तारीख अचूक असेल. ती होतीच. मी सांगितली. आधी आलो असतो तर ऐकणं वाचलं असतं का, हेही विचारलं. गाठ लहान असती, डॉक्टर म्हणाले; त्यापुढे खात्रीने सांगता येत नाही.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. गाठ गेली, डावा कान गेला. गुणगुण मात्र राहिली. त्या कानात आता दुसरं काहीच येत नाही.

त्या वहीत मी पुन्हा काही लिहिलेलं नाही. पाच स्पीकरांपैकी कोणता कुठून वाजतो हे तिला कळत नाही, म्हणून आम्ही टीव्हीच्याच आवाजावर सिनेमा बघतो.

गेल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरचे गृहस्थ चहाला आले होते. नवीन थिएटर बसवलंय, बॅलन्स्ड केबल घ्यावी का, असं विचारत होते. अंतर किती, मी विचारलं. दोन मीटर, म्हणाले. मी नको म्हणालो.

"पण आमच्या घरातून गुणगुणीची तक्रार आहे," ते हसत म्हणाले.

मी कप खाली ठेवला. "यंत्र बंद करून त्यांना विचारा. तरीही येते म्हणाल्या, तर केबलचं नंतर बघू. आधी त्यांचा कान डॉक्टरांना दाखवून घ्या."

ते गेल्यावर बायकोने विचारलं, काय म्हणत होते. चहा घेताना ते तिच्या डाव्या बाजूला बसले होते. मी उठलो, तिच्या उजवीकडे जाऊन बसलो आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं.