तांब्या आणि पेरू यांच्यामधली जागा

चित्रातला माणूस आता बोलेल असं वाटलं, की कोल्हापूर त्या चित्रकाराला मानतं. त्र्यंबक मास्तरांना त्या मापात बसायचंच नव्हतं. शाळेत ते चित्रकला शिकवत आणि घरी गुऱ्हाळावरची उसाची चिपाडं, काजळी, पोत्याचे तुकडे कॅनव्हासवर चिकटवत. "मास्तर, ह्ये सुलटं हाय का उलटं?" गल्ली विचारी. "दोन्हीकडनं बघा की," मास्तर म्हणत. माणसाचा चेहरा काढायचा नाही, अशी त्यांची शपथच होती.

वर्गात ते टेबलावर घागर नि कांदे मांडून सांगत, "वस्तू नका काढू. दोन वस्तूंमधली जागा काढा." पोरं हसत. पद्मजाला मात्र ती जागा दिसू लागली.

तिचे वडील गणपतराव गुळाचे अडत व्यापारी. चित्रकलेच्या सरकारी परीक्षेत पास झालीस तर पुढे शिकवीन, नाहीतर लग्न, ही त्यांची अट. परीक्षेत तांब्या आणि पेरू होते. पद्मजाने सवयीने मधली जागा तेवढी मन लावून रंगवली, वस्तू कोऱ्या सोडल्या आणि नापास झाली.

मास्तर तिला घेऊन दुकानात गेले. "चूक माझी हाय. पोरीला एक वर्ष द्या."

"आमच्या वडलांचं, आबांचं चित्र काढा, हुबेहूब. मग बघू," गणपतराव म्हणाले. "तुमाला चित्र येत न्हाय, म्हणून चिपाडं चिकटवता म्हणं."

मास्तरांनी नाही म्हणावं असं पद्मजाला वाटलं, आणि हो म्हणावं असंही. मास्तरांनी आबांचा फोटो मागून घेतला.

दिवाळीत चित्र दुकानात लागलं. सगळा बाजार बघून गेला. "मास्तरांना येतं की चित्र," जो तो म्हणे. मास्तर खाली मान घालून चहा पीत राहिले. पुढच्या वर्षी पद्मजा पास झाली आणि यथावकाश पेठ वडगावला चित्रकलेची बाई झाली.

ऐंशी सालाच्या सुमारास मास्तर गेले. त्यांच्या कॅनव्हासना वाळवी लागली. त्यांचं नाव निघालं की लोक आबांचंच चित्र दाखवत, आणि पद्मजाच्या जिवाची तगमग होई.

एकदा माहेरी आली असता तिने दुकानातलं ते चित्र पुसायला उतरवलं. आबांचा कोपर आणि लोड यांच्यामधल्या काळोखात तिचं बोट अडखळलं.

"दादा, हितं हात लावा," ती वडिलांना म्हणाली.

म्हाताऱ्या गणपतरावांनी चाचपलं. "ह्ये तर चिपाड हाय." ते बराच वेळ हात तिथेच ठेवून बसले. मग त्यांनी स्वतः चित्र परत टांगलं.

त्यानंतर दुकानात कुणी आबांच्या चेहऱ्याची तारीफ केली, की गणपतराव उठून उभे राहत.

"तोंड ऱ्हाऊ द्या पावणं. हितं बघा, मधी."